कोर्कै

विहीर खणताना बारा हातांवर शंख लागले.
पेच्चियम्माळ म्हणाली, नवल कसलं,
आमच्याकडे पाण्याआधी समुद्रच लागतो.

समुद्र इथून दोन कोसांवर.
गेला कधी, कुणी पाहिलं नाही.
ताम्रपर्णी मूठमूठ गाळ आणत राहिली
आणि पांड्यांचं बंदर
एका सकाळी केळीच्या बागेत उभं होतं,
शिडं वाळत घातल्यासारखी पानं.

इथले मोती रोमला गेले, हे सर्वांना ठाऊक.
बुडी मारायला कैदी लावत, हे फारसं कुणाला नाही.
पायाला दगड, कमरेला दोर,
दोराचं दुसरं टोक पहारेकऱ्याच्या हातात.
त्याला डुलकी लागली तर
मोती तळाशीच राहायचा,
आणि मोत्यासोबतचा माणूसही.

न्हाणीच्या कोनाड्यात एक खापर आहे,
त्यावर ओरखडलेली चार अक्षरं, पाचवं तुटलेलं.
एळिलन मास्तर म्हणतात, नाव असावं.
पेच्चियम्माळ त्यात साबणाची वडी ठेवते.
"व्यापाऱ्याचं असेल," ती म्हणते,
"कैद्याला कुठलं मडकं?"

मग विहिरीत वाकून हाक देते.
खाली इसक्की, तिचा धाकटा,
कमरेला दोर.
दुसरं टोक तिने मनगटाला
तीनदा गुंडाळलंय.