तिसऱ्या ओळीतला दम

ऑर्गनच्या पाठीमागे एक खोली असते, कपाटाएवढी.
यॉर्कशरच्या आमच्या दरीत चिमण्या एकेचाळीस आणि चॅपलं सात,
त्यातल्या एका चॅपलच्या त्या कपाटात मी भाता मारायचो.
एक लाकडी दांडा, आणि दोरीला टांगलेलं
बोटभर शिशाचं वजन:
खाली उतरलं की हवा भरली,
वर चढलं की संपत आली.
रविवारचे दोन पेन्स.
देवाच्या कामाला आमचे लोक जास्त मोजत नाहीत.

पुढे, उजेडात, जेथ्रो एन्ली बसायचे.
आठवडाभर रंगाच्या कारखान्यात कारकुनी,
नखं निळी, नाताळातही निळीच.
सोमवारी पट्ट्या पुसताना झाडूवाली मिसेस स्पिंक पुटपुटायची.
डावा पाय आखूड. जिन्यावर लंगडणारा तो पाय
पेडलवर मात्र कधी चुकला नाही.

चाल त्यांनी एका रंगाच्या कृतीमागे लिहिली.
पुढल्या बाजूला तुरटी दोन पौंड, मंजिष्ठ पाच, उकळी मंद,
मागे चार ओळी,
आठ अक्षरं, सात, पुन्हा आठ, पुन्हा सात.

पहिल्यांदा वाजली त्या रविवारी
मी रात्रभर गिरणीच्या बॉयलरमध्ये काजळी खरवडून आलो होतो.
अकरा वर्षांचा होतो. हे काही कारण म्हणून सांगत नाही.
दुसरी ओळ ऐकल्याचं आठवतं.
तिसरीत वजन वर गेलं असणार.
ऑर्गनने मरत्या मेंढीसारखा सूर ओढला
आणि चारशे माणसं
उघड्या तोंडांनी उभी राहिली.

दचकून उठलो, दांड्यावर लोंबकळलो.
चाल पुढे गेली.

प्रार्थना संपल्यावर ते लंगडत मागे आले.
मी कान वाचवून भिंतीला चिकटलो.
"किती वेळ झोपलास, एबेल?"
"ठाऊक नाही, साहेब."
"मला ठाऊक आहे. दोन मात्रा."
खिशातून पेन्सिल काढली, जिभेला लावली,
आणि तुरटीच्या मागच्या बाजूला
माझी झोप लिहून ठेवली.

लंडनला समिती होती. संगीताचे एक डॉक्टर होते.
त्यांनी खर्ज खोडला, दोन ठिकाणचे स्वर
गावंढळ म्हणून बदलले,
नावाची आद्याक्षरं चुकवली.
विराम तेवढा राहू दिला. वर शेरा: उत्तम.
हक्कांसकट एक गिनी.
त्यातले आठ शिलिंग एन्लींनी माझ्या तळहातावर मोजले.
आईला वाटलं, चोरलेत. तिने दोन ठेवून दिल्या.

चालीला नाव लागतं. त्यांनी आमच्या वाडीचं दिलं:
टेंटर फोल्ड.
सहा घरं, एक संडास, एक हातपंप.
आता केपटाउनला, नोव्हा स्कोशियात
स्वच्छ कॉलरचे लोक
"टेंटर फोल्ड घेऊ या" म्हणतात आणि डोळे मिटतात.

नंतर त्यांनी आणखी छत्तीस चाली लिहिल्या.
लंडनहून छापील कार्ड यायचं, आभारी आहोत.
लीड्सच्या मोठ्या चर्चने पदवी विचारली.
कारखान्यात शेवटपर्यंत तोच स्टूल, फक्त
उशी नवी.

तिसऱ्या ओळीबद्दल मी पुष्कळ ऐकलं.
एक पाद्री म्हणाला, आत्मा इथे देवापुढे अडखळतो.
वर्तमानपत्राने लिहिलं,
ज्याची चाल लंगडी, त्याची चालही लंगडीच.
हा विनोद मला आवडला, कापून ठेवला.
खरं काय ते कुणाला सांगितलं नाही.
एन्लींनीही नाही.

त्यांच्या दफनाला प्रथमच बाकावर बसलो.
भात्याला आता पाण्याचं यंत्र आहे, ते झोपत नाही,
त्याला दोन पेन्सही लागत नाहीत.
टेंटर फोल्ड लावली.
तिसऱ्या ओळीत सगळे थांबले, पुस्तकात आहे तसे,
शेजारची बाई, कारखान्याचे मालक, तो नवा पोरगा ऑर्गनवर.
एक.
माझे हात मांडीवर खालीवर होत होते,
बायकोने कोपर मारलं.
दोन.
भिंतीमागे पाणी वाहतच होतं.