निशाणी बादली

चिठ्ठीत बादली निघाली.
उल्का खवणेकर हसली नाही. म्हणाली,
"नारळ मिळाला असता तर लोकांनी फोडला असता.
बादली निदान रिकामी करून परत ठेवतात."

मी तिचा प्रचारप्रमुख. म्हणजे यादी माझ्याकडे,
खळीचा डबा तिच्याकडे,
आणि इकबालची रिक्षा, जिचा भोंगा
वळणावर आपोआप गप्प होतो.

प्रभाग नऊ. मतदार सहाशे बारा.
त्यातले दोनशे चाळीस विरार-नालासोपाऱ्याला,
गणपतीत कुलूप काढणारे.
एकोणीस मेलेले, यादीत ठणठणीत.
त्यातला एक माझा बाप.
त्याच्या नावाशी मी दरवेळी पेन टेकवतो
आणि उचलतो.

पत्रक तिनं स्वतः लिहिलं,
एकाच बाजूला छापलं, पैसे तेवढेच होते.
व्हाळ मोकळा करू.
मासळी बाजाराचं पाणी तसंच खाडीत सोडणार नाही.
कांदळ तोडून जेट्टीकडे भराव चाललाय, तो थांबवू.
सड्यावरच्या झऱ्याला कुंपण नको.
मी म्हटलं, रस्ता घाल, रस्त्याशिवाय मत कसं?
"रस्ता सगळेच घालतात," ती म्हणाली,
"दर उन्हाळ्यात तोच."

दारोदार.
लोक पत्रक घेतात, त्यात सुकट बांधतात,
"बघतंय," म्हणतात.
आमच्याकडे बघतंय म्हणजे नाही.
नंदू शेटनं मैदानाला हॅलोजन दिलेत,
भजनी मंडळाला नवी पेटी,
आणि व्हाळाच्या तोंडाशी चिऱ्याची भिंत.
पेटीचा सूर चांगला आहे, खोटं कशाला बोला.

द्वारकाकाकी गिरकर व्हाळाच्या काठाला राहते.
विहिरीतून पाणी काढते, हुंगते, माडाच्या मुळाशी ओतते.
पत्रक तिनं उलटं धरलं,
वाटलं, वाचता येत नसेल.
मग म्हणाली,
"बादली बरी आसा.
पण तुज्या न्हाणीचो पाईप खय सुटता गो?"

भोंगा वळण नसताना गप्प झाला.

मला माहीत होतं. तिलाही.
सासऱ्यानं घातलेला, चार इंची,
अळवाच्या पानांआड वीस वर्षं
साबणाचं पाणी व्हाळात सोडणारा.
अळू असं माजायचं की
त्याचं फदफदं सगळ्या वाडीनं खाल्लंय.

उल्कानं सासऱ्याचं नाव घेतलं नाही.
"खरां आसा," एवढंच.

दुसऱ्या दिवशी यादी घेऊन गेलो
तर ती परसात, गुडघाभर खड्ड्यात,
पहार जांभ्यावर खण्ण.
आधी मतदान होऊ दे, मी म्हटलं.
"होईल मतदान. तू माती उपस."
कशानं, ते विचारावं लागलं नाही.
प्रचारासाठी रंगवलेली पिवळी बादली
समोरच होती, वर तिचं नाव.

प्रचाराचे उरलेले तीन दिवस असे गेले.
चिरे, विटांचे तुकडे, करवंट्या.
इकबाल रिक्षातून खडी आणायचा,
भोंगा चालूच, बादलीसमोरचं बटण दाबा,
रिकाम्या पाणंदीला ओरडून सांगत.
माणसं गडग्याशी येऊन उभी राहिली.
मताचं कुणी काढलं नाही,
खोली किती, विचारलं.
नंदू शेटचा चुलतभाऊ लांबूनच म्हणाला,
"खाली कातळ लागतलो."
लागला.
मग त्यानं चप्पल काढली, पहार मागितली.

मतमोजणी तहसीलात, अर्ध्या तासात आटपली.
नंदू शेट दोनशे चार.
बादली एकशे नऊ.
यातला एक आकडा त्या चुलतभावाचा असावा,
की नसावा, यादीत तसं लिहिलेलं नसतं.

गुलाल व्हाळावरच्या साकवावरून गेला,
थोडा पाण्यात पडला,
भिंतीपाशी जाऊन अडला.
उल्का पायरीवर बसून
नखांतली माती काडीनं काढत होती.

सकाळी बादली मागायला दोघं आले.
एकानं दुपारी आणून दिली, घासून.
दुसऱ्याकडे अजून आहे.