रक्कम हजारात

तक्त्याच्या उजव्या कोपऱ्यात, वर,
मुंगीएवढ्या अक्षरांत छापलेलं असतं : रक्कम हजारात.
तेवढं वाचून मी कामाला बसते.

डिसेंबरचा दुसरा आठवडा. विजयनगरच्या ऑफिसात
ऊन फायलींच्या गठ्ठ्यांवरून उतरत उतरत
साडेतीनला माझ्या टेबलापर्यंत पोचतं.
तेव्हा शमशाद मुलाणी स्वेटर काढते
आणि म्हणते, आला बाई पुण्याचा मेल.

तरतूद शंभराची होती, हातात साठ आले,
आता म्हणतात साठातलेही बारा कमी करा.
जिथं उरलं असेल ते समर्पित करा,
जिथं कमी पडतंय तिथलं समर्थन द्या.
समर्पण. समर्थन.
एखाद्या मठात बसल्यासारखं वाटतं क्षणभर,
मग लाईटबिल दिसतं.

आई लुगड्याला दंड घालायची.
मधला विरलेला भाग कापून
दोन्हीकडचे धड पदर एकमेकांना जोडायची,
शिवण निऱ्यांत लपवायची, आणि लग्नाला जायची.
मी तेच करते, फक्त चौदा प्रतींत.
अकरा म्हणजे प्रवास, तेरा म्हणजे कार्यालय,
एकवीस म्हणजे औषधं, चोवीस म्हणजे पेट्रोल-डिझेल.
माडग्याळ भागात मेंढ्यांना देवी आली होती,
एकवीसमध्ये दमडी नव्हती.
चोवीसमधून एकशे साठ काढले, अकरातून पन्नास,
एकवीसमध्ये टाकले दोनशे दहा.
बेरीज इकडून तिकडून सारखी.
कुंभोजकर साहेबांनी हिरव्या शाईनं सही केली,
म्हणाले, बघा, एक रुपया जादा न मागता.
मला त्या दिवशी घरी जाताना फार बरं वाटलं.
मार्केट यार्डापाशी उतरून पावशेर पेढे घेतले.

लस आली. जतच्या फ्रीजमध्ये बसली.
आठ दिवसांनी संखच्या डॉक्टरांचा फोन :
मॅडम, लस आहे, जीप आहे,
जीपमध्ये डिझेल नाही.

मी तक्ता उघडून बघितला.
चोवीससमोर माझ्याच हातचा आकडा,
नीट, सरळ, कुठंही खाडाखोड नाही.

शेवटी मलकारी ऐवळे गेला. परिचर.
बर्फाचा डबा मांडीवर घेऊन
जतहून एसटीनं, मग फाट्यापासून कुणाच्या तरी मोटरसायकलवर,
पुढं दोन मैल पायी,
असे चार दिवस, चार वाड्या.
त्याचं बिल आज माझ्यापुढं आहे.
तिकिटं उदबत्तीच्या पुडक्यात घालून पाठवलीत.
मोटरसायकलची पावती नाही. पायी चालण्याला शीर्ष नाही.
एकूण रुपये चारशे ऐंशी.

मी कोपऱ्यातली अक्षरं पुन्हा वाचते.
पाचशेच्या आतलं सोडून द्यायचं, पाचशे झाले की एक धरायचा,
असा आमचा नियम आहे.
म्हणजे मलकारी गेलाच नाही.
वीस रुपये आणखी खर्च केले असते
तर निदान एक हजार म्हणून तरी दिसला असता.

साहेब म्हणतात, राहू द्या, एप्रिलनंतर बघू.
शमशाद म्हणते, माझ्या पर्समधून दे.
मी दोघांचंही ऐकत नाही. फोन लावते.
मलकारी, वाटेत आणखी कुठं थांबला होतास का?
आठव जरा. रिक्षा, टमटम, काहीही.
त्याला वाटतं मी चौकशी करतेय.
नाही बाई, म्हणतो, सरळ गेलो, सरळ आलो,
चहासुद्धा घरच्यांनीच पाजला.
मागं मेंढ्या ओरडत असतात, किंवा लाईन खराब असते.
मग जरा थांबून, आवाज खाली घेऊन :
शेवटच्या बाटलीत थोडी उरलीवती बाई.
उघडलेली ठेवता येत नाही म्हणून टाकली.
ती परत करायची होती का?