पाव इंची तांबं

बुलेटच्या डोक्याला तेल नेणारी नळी
वंटमुरीच्या घाटात चिरली.
उजवी पँट गुडघ्यापासून खाली काळी,
आणि वरचा ठोका आधी टकटक,
मग भांड्यांच्या दुकानात मांजर शिरल्यासारखा.
इंजिन बंद करून काकतीपर्यंत ढकलत आलो.

नवी मिळते.
कोल्हापुरात मिळते, म्हणाले. हुबळीतही मिळते, म्हणाले.
दोन्हीकडून, पुढच्या आठवड्यात.

शेवटी फ्रीजवाल्या गौसकडून दीड हात तांबं आणलं,
पाव इंची.
पैसे घेतले नाहीत त्यानं, दोन चहा घेतले.

तांबं आधी लाल करायचं आणि पाण्यात सोडायचं.
लोखंड अशानं कडक होतं,
हे मऊ पडतं, वेलासारखं.
पण दोनदा वाकवलं की पुन्हा हट्टाला येतं,
पुन्हा विस्तव.

रिकामी नळी वाकवली तर चेपते.
म्हणून कंग्राळीच्या नदीतली वाळू,
मालूच्या चहाच्या गाळणीतून गाळून,
तव्यावर भाजून, आत ठासली.
किती? सव्वा तीन चमचे. भिंतीवर लिहून ठेवलं.
(गाळणी मी नवी आणली. तो विषय इथं नको.)

उद्यमबागेत इराण्णानं लेथवर
पितळेचे दोन डोळे काढले, बोल्ट आरपार जाईल असे.
तो कन्नडमध्ये मिलिमीटर सांगे, मी मराठीत सूत,
आणि कॅलिपर दोघांच्या मधे
कुणाचीच बाजू न घेता उघडा.

मी नळी सरळ धरून बघत होतो, सगळ्यात जवळची वाट.
दादा पायरीवर बसलेले.
चाळीस वर्षं फौंड्रीत साचे भरले त्यांनी,
कान तिथंच ठेवून आले.
अचानक मोठ्यानं म्हणाले,
"सरळ नेऊ नको. वरचं तापून सरकतंय,
खालचं जागेवरच असतंय.
मधी एक वेटोळं ठेव."
एवढं लांब वाक्य बऱ्याच महिन्यांनी.
मी वेटोळं ठेवलं.
हाताशी विक्सची बाटली होती, तिच्याभोवती.

मग वाळू काढली. ठोकून, फुंकून, रॉकेलनं धुऊन.
चमच्यानं मोजली: तीन, आणि थोडी.
ती "थोडी" सव्वा भरेपर्यंत
रात्रीचे साडेदहा झाले.
एक कण आत राहिला असता तर
पुढचा घाट मला विचारायचा.

शहापूरच्या रेवणकरांनी, ज्यांनी आयुष्यभर जोडवी झाळली,
चष्मा कपाळावर सरकवून चांदीचा डाग दिला.
"ह्याला हॉलमार्क नाही हं," म्हणाले.

वरचा बोल्ट अर्धा आटा सैल सोडला,
नवव्या किकला लागली.
डोळा बोल्टवर. नुसती हवा.
बुडबुडा. पुन्हा हवा.
दादांनी उठून झाकणावर तळवा टेकवला,
जसा तापलेल्या पोराच्या कपाळावर.
"आलं," म्हणाले.
मला दिसायच्या आधी.
मग दिसलं, काकवीसारखं, आट्यामधून वर येताना.

खालचा वॉशर अजून घाम गाळतो.
रात्री कुंद्याच्या खोक्याचा पुठ्ठा खाली सरकवतो.
सकाळी माझ्याआधी दादा वाकलेले असतात, मोजत.
काल तीन थेंब होते.
आज, म्हणाले, दोनच.