पाचव्या डेकवर, दुपारी

बॅगा त्यांनी खालीच ठेवून घेतल्या, मुठीला चिठ्ठ्या बांधून.
खोली दीडपर्यंत मिळणार नाही.
बाराव्या डेकवर बुफे, तिथे अख्खं साउदॅम्प्टन लोटलेलं:
पाठीवर सॅक, हातात ताट, बगलेत कोट,
बर्गरपाशी रांग, आणि रांगेत एक पोर
चिप्स संपल्या म्हणून भोकाड पसरलेलं.
अ‍ॅव्हरिल म्हणाली, हे मी एकतीस वर्षं बघितलंय.
चल इथून.

लिफ्टमधल्या माणसाने हळूच सांगितलं,
पाचव्यावर डायनिंग रूम उघडी असते पहिल्या दिवशी.
कुणी विचारत नाही, म्हणून कुणी सांगत नाही.

खरंच उघडी होती.
अर्ध्या भागाला दोरी, पलीकडे कुणीतरी
गालिच्यावरून घरघरतं यंत्र फिरवतंय.
उरलेल्या अर्ध्यात पांढरे टेबलक्लॉथ,
घड्यांच्या रेघासुद्धा अजून मोडलेल्या नाहीत.
आम्ही दोघी, आणि लांब कोपऱ्यात
टोपी न काढता सूप पिणारा एक म्हातारा.

खिडकीतून समुद्र दिसेल असं मला वाटलं होतं.
दिसली गोदी,
पत्र्याची शेड, आणि एक पिवळी फोर्कलिफ्ट
बटाट्यांची पोती जहाजाच्या पोटात ढकलणारी.
अ‍ॅव्हरिलने चष्मा लावला
आणि मेनू सोडून पोती मोजली.
"आठवडाभर पुरायचे नाहीत,
मॅश करणार असतील तर नाहीच नाही."

मेनू एका पानाचा.
आधी लीकचं सूप, कोळंबी, नाहीतर खरबुजाच्या फोडी.
मग कॉड, भाजलेली कोंबडी, पुदिन्यातलं लॅम्ब,
आणि भूक नसलेल्यांसाठी काहीतरी हिरवं.
वेटरच्या छातीवर नाव, आर्नुल्फो,
नावाखाली गाव, इलोइलो.
"काय आणू आपल्यासाठी?"

माझी बहीण गप्प.
ग्रिम्झबीच्या शाळेत, काउंटरमागे, डोक्याला जाळी बांधून
हा प्रश्न तिने किती वेळा विचारला असेल?
मी एकदा हिशोब मांडला होता,
दिवसाला तीनशे पोरं, वर्षाला एकशे नव्वद दिवस.
सतरा लाखांच्या वर गेला, तेव्हा पेन्सिल ठेवून दिली.
तोच प्रश्न असा फिरून येईल
आणि अदबीने वाकून तिच्याचपुढे उभा राहील,
हे तिच्या गावीही नव्हतं.

"जे जास्त उरलंय ते आण," ती म्हणाली.

आर्नुल्फो हसला नाही.
"मॅडम, आज पहिला दिवस.
अजून काहीच उरलेलं नाही."

शेवटी कोंबडी. मासा ती दुसऱ्याच्या हातचा खात नाही.
ग्रेव्हीवर पातळ साय धरलेली.
चमच्याने ती बाजूला सारत अ‍ॅव्हरिल पुटपुटली,
दहाला केलेली आहे, बिचाऱ्यांनी.
आणि भराभर जेवायला लागली,
मागे रांग असल्यासारखी.
माझ्या ताटात अजून अर्धं लॅम्ब, तोवर हिने
रिकाम्या बश्या एकात एक रचल्या,
सुऱ्या वर आडव्या.
आर्नुल्फो धावत आला. "मॅडम, राहू द्या, राहू द्या."
तिने बश्या सोडल्या नाहीत.
"सकाळी किती उतरले?"
"बावीसशे."
"आणि आता चढणार?"
"तेवीसशेच्या आसपास."
"तू जेवलास?"

त्याने दाराकडे पाहिलं, ते झुलणारं दार,
ज्यामागून भांड्यांचा आवाज येत होता.
"तीननंतर, मॅडम."
घड्याळात पावणेएक.
वाढप्यांची पंगत शेवटची.
हे कुठल्याही बंदरात बदलत नसावं.
तिने बश्या त्याच्या हातात दिल्या,
पण हळू, वजन पोहोचेपर्यंत धरून.

बाहेर फोर्कलिफ्ट थांबली होती.
चालवणारा पोरगा पोत्यावर टेकून
कागदात गुंडाळलेलं सँडविच सोडत होता.
अ‍ॅव्हरिल बराच वेळ बघत राहिली.
पहिला घास. दुसरा.
"चला," ती म्हणाली, "एक तरी बसला."
मग इतका वेळ तशीच पडलेली नॅपकिनची घडी उलगडून
तिने मांडीवर पसरली
आणि विचारलं, गोड काय आहे.