हद्द कायम

तिकीट दहा रुपये, ज्येष्ठांना पाच.
हसूरामने आधार कार्ड काढलं नाही,
डोक्याचा रुमाल सोडून टक्कल दाखवलं.
खिडकीतली मुलगी म्हणाली, "जा आजोबा."

गायमुखाच्या पुढे,
जिथे उल्हास नदी
नदी म्हणवून घेणं हळूहळू सोडून देते,
तिथे हे नवं उद्यान.
लाल पेव्हर ब्लॉक, बोगनवेल,
आणि उरलेला अर्धा बुरुज,
त्याला साखळी लावलेली: आत जाऊ नये.

साखळी पाहून हसूराम थबकला.
तीस वर्षं त्याने माझ्यापुढे साखळी ओढली,
करवंदीतून, चिखलातून, लोकांच्या शिव्यांतून.
मी टेबलावर वाकून ओरडायचो, ताण!
तो लांबून ओरडायचा, ताणली!
एवढ्या दोन शब्दांत
आमची मोजणी खात्यातली नोकरी झाली.

फलकावर लिहिलंय, हा सरहद्दीवरचा किल्ला.
पलीकडचं त्यांचं, अलीकडचं यांचं,
मग अलीकडचंही त्यांचं, मग उलट.
तारखा एकाखाली एक,
सातबाऱ्यावरच्या फेरफारासारख्या.
मी सवयीने वाचत गेलो:
कब्जा बदलला. हरकत आली नाही.
मूळ मालकाचा रकाना
फलकावर नव्हताच.

समोर खाडीला ओहोटी.
मघाच्या पाण्याच्या जागी आता निवटे उड्या मारत होते.
नोकरीच्या पहिल्या वर्षी मी साहेबांना विचारलं होतं,
पाण्याची हद्द कुठली धरायची?
भरतीची, की ओहोटीची?
साहेब म्हणाले, जेवायची सुट्टी होईल तेव्हाची.

मग जांभळाखाली, लोखंडी कठड्यात, तो दिसला.
हातभर काळा दगड, माथ्यावर फुली.
खाली पितळी पाटी:
किल्ल्याचा अवशेष. माथ्यावरील चिन्ह
बहुधा पोर्तुगीज काळातील क्रूस.
कुणीतरी कुंकूही लावलेलं,
म्हणजे दोन्हीकडून बंदोबस्त.

हसूरामने मान तिरकी केली.
"साहेब, यो त आपला दगर."
"हळू बोल."
"शायशी साल. पोशा पाटील न् चांगा पाटील,
दोगं भाव. चिचेखाली आपुनच गारला व्हता.
फुली मी मारली, छिन्नी सटाकली,
ही बगा, एक बाजू लांब."
आणि त्याने अंगठा पुढे केला.
नख अजून वाकडंच होतं.

मला आठवलं.
दगड बसला त्या संध्याकाळी
चांगाच्या बायकोने दोघांना चहा दिला,
कप बांधाच्या अलीकडूनच पुढे केले,
पदर पलीकडे जाऊ दिला नाही.
पुढे दोघा भावांनी
एकाच दिवशी, एकाच बिल्डरला,
एकाच पेनाने सह्या करून जमीन दिली,
तेव्हाही एकमेकांकडे पाहिलं नाही.
चिंच गेली. टॉवर आले.
दगड कुठल्याशा डंपरमधून
इतिहासात येऊन पडला.

सांगावं का कार्यालयात?
माझ्याकडे क प्रत असेल अजून,
ट्रंकेत, नॅप्थलीनच्या गोळ्यांत.
एवढ्यात शाळेची सहल आली.
बाईंनी क्रूस दाखवला, मुलांनी वह्यांत उतरवला,
लांब बाजू आखूड करून,
पट्टीने, नीट.
एका मुलाने हसूरामला विचारलं,
"आजोबा, हा किती जुना?"
हसूरामने माझ्याकडे पाहिलं. मी खाडीकडे.
"लय जुना," तो म्हणाला.
"मी तवा जवान व्हतो."

शिट्टी वाजली. उद्यान बंद व्हायची वेळ.
निघताना मी पावलं मोजत होतो,
दगडापासून फाटकापर्यंत एकशे बारा.
"एकशे चवदा," हसूराम म्हणाला.
"तुझं पाऊल आखूड झालंय."
"तुमचाच आकरा चुकलाय."
बस येईपर्यंत वाद चालला,
आणि बसमध्येही,
कापूरबावडी येऊन गेली तरी.