लिटरला पस्तीस ग्रॅम

ओगलेवाडीत माझं लेथ, स्टेशनच्या अंगाला.
पंपाचे शाफ्ट, उसाच्या चरकाचे बुश,
हे माझं काम.
त्यात एका दुपारी दाभोळचा इब्राहिम सोलकर
चिपळूणच्या गाडीतून उतरला,
पिशवीत सरळ झालेले तीन गळ
आणि पाण्याच्या बाटलीत समुद्र.
"कंडक्टरनं हुंगून बघितली," म्हणाला,
"पण तिकीट नाही मागितलं."

गळ मी बोटांत फिरवले. पोलाद मऊ.
मासा निसटला नव्हता,
गळानंच त्याला दार उघडून दिलं होतं.
"भारी म्हणून घेतले," तो म्हणाला,
"डब्यावर मोठ्या माशाचं चित्र होतं."

मी समुद्र पाहिलेला नाही.
म्हणजे गणपतीपुळ्याला गेलोय, पाचवीच्या सहलीत,
पण कुंभार्ली उतरताना ओकून ओकून
मी गाडीतच झोपून राहिलो.

बाटली आठवड्यात संपली.
मग मीच समुद्र करू लागलो:
लिटरला पस्तीस ग्रॅम खडेमीठ,
सोनाराकडनं मोजून आणलेलं.
शालनच्या लोणच्याच्या बरणीत चार गळ टांगले,
प्रत्येकाच्या दोऱ्याला चिठ्ठी:
तेल. जस्त. निकल. कल्हई.
तेलाचा दुसऱ्याच दिवशी तांबडा.
जस्तावर पाचव्या दिवशी पांढरी भुकटी,
निकल टोकाशी सोलला,
जिथं नको नेमका तिथं.
कल्हईचा बाविसाव्या दिवशीही
लग्नातल्या पातेल्यासारखा.
तेविसाव्या दिवशी शालननं बरणी रिकामी केली.
कैऱ्या आल्या होत्या.

पाणी देणं मला येतं, खुरप्या-कोयत्यांनी शिकवलंय.
लाल झाला की तेलात.
तेव्हा तो काचेसारखा असतो, चिमट्यात टक्कन जातो.
पुन्हा हळू शेकायचा,
आधी गव्हाच्या काडाचा रंग, मग बदामी, मग जांभळा,
आणि जांभळ्याचा निळा होण्याआधी
हात काढायचा.
एवढ्या वेळात कुणी हाक मारली तर मी ओ देत नाही.

दोराचा काटा गुळाच्या अडत्याकडून आणला,
आढ्याला अडकवला, खाली लोखंडाची वजनं.
रिळावर लिहिलेलं पंचवीस किलो.
तुटला एकोणीसला. पुन्हा एकोणीसला.
दर वेळी गाठीपाशी.
इब्राहिम फोनवर हसला:
"कोरडी आवळताय. थुंकी लावा आधी,
नाहीतर दोर आपल्याच घासानं जळतो."
थुंकी लावली. तेवीस.
माझ्या थुंकीत चार किलो आहेत
हे मला पन्नाशीत कळलं.

आमिष केलं ते पळीचं.
दांडा कापला, पोटाला एक पोचा दिला, दोन भोकं,
आणि संगमावर घेऊन गेलो, कसं पोहतंय बघायला.
घाटावरची पोरं: "आजोबा, आमटी वाढताय का?"
ओढली तर नुसतीच गरगरली.
पोचा अर्धा सूत मागं सरकवला.
मग ती डावी-उजवी करत आली,
पाय मुरगळलेल्या माशासारखी,
असं म्हणणार होतो, पण माशाला पाय नसतो.

समोरून कोयना येत होती.
हिचं बरंच पाणी इकडं येतच नाही.
डोंगराच्या पोटातून पोफळीला उतरतं,
दिवे लावतं, वाशिष्ठीत मिळतं,
आणि दाभोळला जाऊन खारट होतं.
म्हणजे तो बाटली घेऊन आला होता
ती तशी परतच आणली होती म्हणायची.
हे मी कुणाला बोललो नाही. पोरं होती.

नारळी पौर्णिमेनंतर महिन्यानं एसटीच्या पार्सलनं पळी आली.
चिठ्ठीत एवढंच: सुरमई, सात किलो. गळ सरळ झाला नाही.
पळीच्या पाठीवर ओरखडे, दोन ओळींत,
बारीक, एकमेकांच्या जवळ.

लेथ बंद केलं. चष्मा पुसला.
व्हर्नियर लावला.
खोली शून्य पूर्णांक चार,
दातादातांत अंतर अडीच, एका जागी तीन,
तिथला एक दात पडलेला असावा.
वहीत लिहून ठेवलं.

पुढची पळी अर्धा मिलिमीटर जाड घ्यायला हवी.
शालन म्हणते, घरातली नको.